विक्रीचा नकाशा की वाटणीचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वडिलांची सुमारे दीड एकर जमीन आम्हा तिघा भावंडांकडे आली आहे. ती विकायची आणि पैसे तिघांत सारखे वाटून घ्यायचे, असं ठरलंय. जमिनीचा आकार सुपासारखा आहे. खाली रस्त्याला तोंड २८ मीटर, वर टेकडीकडे रुंदी १०५ मीटर, लांबी ९० मीटर आणि खालपासून वरपर्यंत १५ मीटरचा चढ. डाव्या अंगाने पावसाळी ओहळ जातो. उजवीकडचा वरचा कोपरा फारच उभा आहे. एका मध्यस्थाने मधून सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच असे दहा प्लॉट आखून दिले, प्रत्येक ६०० चौरस मीटरचा. सगळे सारखे, म्हणजे भावंडांत कुणाला बोलायला जागा नको. पण दोन गिऱ्हाइकं बघून गेली ती परत फिरकली नाहीत. मी स्वतः टेप लावला तर जमीन कागदापेक्षा जास्त भरते. ती वाढीव जागा हिशेबात धरावी का? आधी जेसीबी लावून सगळं सपाट करून घ्यावं का? सगळ्यात वरचा एक प्लॉट मला स्वतःसाठी ठेवायचा आहे. धाकटी बहीण म्हणते, आधी ओहळाचं काय ते बघा. तिला यातलं काही कळत नाही, तरी तिचा हेका सुटत नाही.

नमस्कार,

तुमच्या पत्रात 'सारखे' हा शब्द मी मोजला, सात वेळा आलाय. उताराबद्दल तुम्ही इतकं काळजीने लिहिलंत, तरी तुमचा खरा प्रश्न मला या शब्दात दिसतो. जमीन तुम्ही तिघं आपसांत वाटून घेणार असता, तर सारखे तुकडे करण्याचा हट्ट मी समजू शकले असते. पण तुम्ही वाटणार आहात ते पैसे. पैशाचे तीन सारखे भाग कुठल्याही जमिनीचे करता येतात, ती सुपासारखी असो की फाटक्या पतंगासारखी. मध्यस्थाने काढून दिला तो वाटणीचा नकाशा आहे, आणि तुम्ही तो घेऊन बाजारात उभे आहात. गिऱ्हाइकं गप्प बसली यात नवल नाही.

आधी त्या नकाशाचा हिशेब तपासू. २८ आणि १०५ यांची सरासरी ६६.५, तिला ९० ने गुणलं की ५,९८५. म्हणजे जमीन सहा हजार चौरस मीटरला थोडी कमी. दहा प्लॉट गुणिले ६०० म्हणजे सहा हजार. मग रस्ता कुठे आहे? तो कुणाच्या तरी प्लॉटातून जातोय, किंवा प्लॉट ६०० चे नाहीत. अशी चूक सहसा लबाडीने होत नाही, घाईने होते. पण कागद हातात घेऊन जागा बघायला आलेला माणूस मनातल्या मनात हाच गुणाकार करतो आणि काही न बोलता निघून जातो.

दुसरी गोष्ट. सुपाच्या निमुळत्या टोकाकडे ६०० चौरस मीटर बसवायचे तर प्लॉटची खोली ३० मीटरच्या आसपास लागते. वरच्या रुंद भागात तेवढंच क्षेत्र १२ मीटर खोलीत आणि ५० मीटर लांबीत बसतं. त्या १२ मीटरमधून पुढेमागे तीन-तीन मीटर सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि घर यांच्यामधली मोकळी जागा, सोडलं की घराला उरते सहा मीटरची पट्टी. तिथे घर बसवलं तर ते आगगाडीच्या डब्यासारखं दिसेल. क्षेत्रफळ तेच, पण एकात घर बसतं, दुसऱ्यात बसवावं लागतं.

प्लॉट विकत घेणारा चौरस मीटरला पैसे मोजतो हे अर्धंच खरं आहे. तो मोजतो ते घर बसेल अशा चौकोनाला. ३०, ४० आणि ५० मीटर बाजूंचा काटकोन त्रिकोण घ्या, क्षेत्र ६०० चौरस मीटर. तिन्ही बाजूंनी तीन मीटर सोडलं की आत २९४ उरतात, आणि त्या उरलेल्या त्रिकोणात बसणारा मोठ्यात मोठा आयत १४७ चौरस मीटरचा. आता १८ बाय २५ चा साधा आयताकृती प्लॉट घ्या, क्षेत्र अवघं ४५०. तीन मीटर सोडून आत १२ बाय १९, म्हणजे २२८ चौरस मीटरचा आयत मिळतो. दीडशे चौरस मीटर कमी असलेला प्लॉट घराला कितीतरी जास्त जागा देतो. म्हणून आकड्यांची बरोबरी सोडा. प्रत्येक तुकड्यात आधी घराचा चौकोन काढा, मग त्याच्याभोवती हद्द आखा. वाकड्या-तिकड्या कडा एकाच मोठ्या प्लॉटच्या पदरात टाका, नाहीतर सामाईक मोकळ्या जागेत. सगळ्यांना थोडा थोडा वाकडेपणा वाटायला गेलात तर सगळेच प्लॉट वाकडे होतात.

टेपच्या वाढीव मापाबद्दल. तुमची मापणी चुकलेली नाही, तरी ती जागा धरता येणार नाही. जमिनीचं क्षेत्र आडव्या पातळीत मोजतात, वरून बघितल्यावर जेवढी दिसेल तेवढी. ९० मीटर लांबीवर १५ मीटर चढ असेल तर जमिनीला टेकवलेला टेप ९१.२ मीटर दाखवतो. सव्वा मीटरचा हा फरक पूर्ण रुंदीला लावला तर ऐंशी-एक चौरस मीटर होतात, म्हणून मोह पडतो. तुमच्या उभ्या कोपऱ्यात, जिथे दोन मीटर चाललं की एक मीटर चढतो, तिथे हा फरक जवळपास १२ टक्क्यांवर जातो. पण घराची फरशी आडवी असते, आणि उतारावरचं झाडदेखील सरळ आकाशाकडेच वाढतं. ती ऐंशी चौरस मीटर जागा तुम्हाला चालता येईल, विकता येणार नाही. विकायला गेलात तर खरेदीदाराचा मोजणीदार येईल, टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावेल आणि तुमचं सगळंच बोलणं संशयात जाईल. तुम्ही स्वतः टेप धरलात हे मात्र मला आवडलं. यापुढे टेप आडवा, ओळंब्याला धरून, टप्प्याटप्प्याने मोजा. कागदाशी जुळेल.

आता रस्ता. ९० मीटरमध्ये १५ मीटर म्हणजे एकास सहा, जवळपास १७ टक्के चढ. कागदावर ती सरळ रेघ छान दिसते. जगात अशा रेघा पूर्वी बऱ्याच जणांनी ओढल्या. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात जमिनीचा उंचसखलपणा न बघता चौकटी आखल्या गेल्या, आणि त्यातून बाल्डविन स्ट्रीट जन्माला आला. सुमारे ३५ टक्के चढाचा, जगातला सर्वात उभा म्हणून प्रसिद्ध. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोंबार्ड स्ट्रीटचा एक तुकडा २७ टक्के चढाचा होता. १९२२ मध्ये तिथे आठ वळणं घातली तेव्हा कुठे गाड्यांना तो झेपला. पर्यटकांना असे रस्ते आवडतात. रोज पाण्याचा टँकर आणि आजारी आई घेऊन वर जाणाऱ्याला आवडत नाहीत.

रहिवासी रस्त्याचा चढ एकास दहाच्या आसपास ठेवावा. कमाल चढ किती, रुंदी किती, अग्निशमनाची गाडी वळायला जागा किती, हे तुमच्या भागातलं नियोजन प्राधिकरण सांगेल आणि ते लेखी घ्या. पण गणित सगळीकडे सारखंच. १५ मीटर चढायला एकास दहाने १५० मीटर रस्ता लागतो, आणि तुमची लांबी ९० आहे. घाबरू नका. रस्ता टोकापर्यंत न्यायची गरजच नाही. सगळ्यात वरच्या रांगेतले प्लॉट २५ मीटर खोल ठेवले आणि रस्ता त्यांच्या खालच्या हद्दीला थांबवला, तर चढायचे उरतात ११ मीटर, म्हणजे ११० मीटर रस्ता. सुपात तो तिरका जातो, एखादं वळण घेतो आणि बसतो. वळणावर एक लक्षात ठेवा. आतली कडा लांबीला कमी असते, चढ मात्र तेवढाच चढायचा असतो, म्हणून आतल्या कडेला रस्ता जास्त उभा होतो. हा फरक एवढा खरा आहे की २०१९ मध्ये वेल्समधल्या हार्लेक गावच्या वळणदार रस्त्याने बाल्डविन स्ट्रीटचा विक्रम काढून घेतला, आणि २०२० मध्ये चढ मधल्या रेषेवर मोजायचा असं ठरल्यावर तो परत डुनेडिनकडे गेला. तुमचं वळण शक्य तेवढं सपाट जागी घ्या.

सहा मीटर रुंदीचा ११० मीटर रस्ता ६६० चौरस मीटर खाणार. ओहळाची पट्टी, गाडी वळवायची जागा आणि तो उभा कोपरा बाजूला ठेवला की विकायला सव्वाचार ते साडेचार हजार चौरस मीटर उरतील. त्यात मला सहा-सात प्लॉट दिसतात, कुणी ५०० चा, कुणी ८०० चा. दहाचे सात झाले म्हणून जीव हळहळेल, पण त्या दहांतले तीन तसेही विकले गेले नसते. ते तीन शेवटी पडून राहिले असते आणि भावंडांची भांडणं नेमकी त्यांच्यावरच झाली असती.

प्लॉटांची दिशा हा मुद्दा गिऱ्हाइकाला सांगता येत नाही, पण जागेवर उभा राहिला की जाणवतो. सपाट जमिनीवर प्लॉट अरुंद आणि खोल असले की रस्त्याचा खर्च वाचतो. उतारावर उलटं करावं लागतं, लांब बाजू उताराला आडवी ठेवावी लागते. ८ बाय १५ मीटरचं घर तुमच्या एकास सहाच्या उतारावर आडवं ठेवलं तर पुढच्या आणि मागच्या भिंतीत सव्वा मीटरच्या आसपास उंचीचा फरक येतो. तेच घर उभं फिरवलं तर अडीच मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक मजला. रस्त्याच्या खालच्या अंगाच्या प्लॉटांकडेही लक्ष द्या. तिथे घरात वरच्या मजल्यावरून शिरावं लागतं, हे काहींना आवडतं. पण सांडपाणी रस्त्याच्या नळापेक्षा खाली राहतं. ते वर चढवायला पंप लागेल किंवा खालच्या प्लॉटातून नळ न्यावा लागेल. हे आज नकाशात नसेल तर उद्या दोन शेजाऱ्यांच्या भांडणात असेल.

सपाट करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, करू नका. तुम्हाला उतार हा दोष वाटतो आणि तो लपवून माल विकायचा आहे. पण जेसीबीने वरची माती खाली लोटली की खालचे प्लॉट भरावावर उभे राहतात. नवा भराव वर्षानुवर्षं बसत राहतो, आणि कुठे किती भर टाकली हे तुम्ही नाही सांगितलं तरी पहिल्या भेगेला कळतं. शिवाय प्रत्येक पायरीला रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, आली. भिंतीवरचा मातीचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. एक मीटरची भिंत दोन मीटरची केली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. त्यात मागे पाणी साचलं आणि भिंतीला पाणी निघायची भोकं ठेवलेली नसली, तर मग विचारूच नका. कुणाला कुठे किती खोदायचं ते घर बांधणारा त्याच्या घराप्रमाणे ठरवेल. तुम्ही फक्त रस्ता नीट खोदून द्या. एकास सहाच्या उतारावर सहा मीटर रस्त्याला एका कडेला अर्धा मीटर खोदाई आणि दुसऱ्या कडेला अर्धा मीटर भराव पुरतो. त्या उभ्या कोपऱ्यात तेवढाच रस्ता न्यायचा म्हटलं तर तीन मीटरचा फरक सांभाळावा लागेल. म्हणून तो कोपरा सोडा. झाडांसाठी राखा, नाहीतर लगतच्या प्लॉटला अखंड जोडून द्या आणि त्याचा भाव कमी लावा. त्याच्या पट्ट्या करून मात्र कुणाच्या गळ्यात बांधू नका. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एका कलावंताने लिलावात जमिनीचे असेच पंधरा तुकडे घेतले होते, दोन इमारतींमधल्या फटी, फुटपाथच्या कडेच्या चिंध्या. मोजणी आणि आखणीतून उरलेल्या, कुणालाच नको असलेल्या. त्याने त्यांची कला केली. तुमच्या गिऱ्हाइकाला तेवढी हौस असेल असं नाही.

आता ओहळ. इथे मी माझीच एक फजिती सांगते. जमीनमोजणीच्या कामात नवीन होते तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात एका उताराची मोजणी केली, कार्यालयात बसून देखणा आराखडा काढला, आणि एका प्लॉटची कोपऱ्याची खुंटी एका उथळ खळग्यात ठोकली. खळग्यात वाळकं गवत एकाच दिशेला झुकलेलं होतं. मी ते पाहिलं होतं, वाऱ्याने झुकलं असेल म्हटलं. पहिल्या मोठ्या पावसात खुंटी गेली, तिच्यासोबत कुंपणाचे चार खांब गेले. जमीनमालक शांत माणूस होता. मला तिथे घेऊन गेला, गवताकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, ते तुम्हाला सांगत होतं की.

तेव्हापासून उताराची जमीन मी दोनदा बघितल्याशिवाय रेघ ओढत नाही, एकदा कोरडी आणि एकदा भर पावसात. तुम्ही आधी समोच्च रेषांची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या कंटूरची मोजणी करून घ्या, उंचीत अर्ध्या मीटरच्या अंतराने. त्या नकाशावर पाणी कुठून कुठे जातं ते निळ्या पेन्सिलने काढा. मग रस्ता काढा. प्लॉट सर्वात शेवटी. तुमच्या मध्यस्थाने याच्या बरोबर उलट क्रम धरला. ओहळाच्या मधोमध हद्द आखण्याचा मोह होतो, कारण तिथे आयती रेघ असते. पण ओहळ जागा बदलतो, हद्दीचा दगड बदलत नाही. पाण्यासाठी दोन्ही काठ धरून वेगळी पट्टी ठेवा, ती कुणाच्या प्लॉटात घालू नका.

आणि हे सगळं पहिलं खरेदीखत होण्याआधी. रस्त्याचा वापर, पाणी कुणाच्या हद्दीतून कसं जाणार, सांडपाण्याचा नळ, नाल्या कोण साफ करणार, रस्त्याची दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, हे सगळं नकाशात आणि प्रत्येक खरेदीखतात हवं. आज सगळी जमीन तुम्हा तिघांची आहे, तेव्हा तीन सह्यांत काम होतं. पहिला प्लॉट विकला की चौथी सही लागते, आणि चौथ्या माणसाला अचानक खूप प्रश्न पडतात. जमिनीचा चांगला वकील याच पायरीवर गाठा. रस्त्याकडेचे दोन प्लॉट लगेच जातील, म्हणून ते आधी विकावेसे वाटतील. विका, पण २८ मीटर तोंडातली रस्त्याची पूर्ण रुंदी दगड ठोकून पक्की झाल्यावरच. रस्त्याचा शेवटचा थर मात्र थांबवून ठेवा. वरची घरं बांधताना वाळू-खडीचे ट्रक त्याची दशा करतील.

एक पर्याय तुम्ही पत्रात लिहिलाच नाही, न तोडता विकणं. मोजणी, परवानगी, रस्ता, नाल्या हा सगळा खर्च पहिला रुपया यायच्या आधी करायचा आहे, आणि वेळ सांगून लागत नाही. तिघांपैकी एकाला जरी पैशाची निकड असली तर अख्खी जमीन एकाच गिऱ्हाइकाला देणं किंवा तिचे दोनच मोठे भाग करणं शहाणपणाचं ठरेल. भाव कमी येईल, पण डोकेदुखी खरेदीदाराची होईल. मधला मार्गही आहे. सगळ्या जमिनीचा आराखडा मंजूर करून घ्यायचा, खालचे तीन प्लॉट विकायचे आणि त्या पैशातून वरचा रस्ता करायचा. तिघांनाही थांबायला जमणार असेल तर माझा कल याकडे आहे. कुठलाही मार्ग घ्या, मध्यस्थाला त्याचा मेहनताना द्या, पण आखणी मोजणीदाराकडून करून घ्या. दोघांचं कसब वेगळं आहे.

तुमच्या स्वतःच्या प्लॉटबद्दल. वरून दृश्य सुंदर दिसत असेल, मी नाही म्हणत नाही. पण तो घ्यायचा तर इतर दोघांसमोर बाजारभाव ठरवून, तेवढी रक्कम तुमच्या हिश्श्यातून वळती करून घ्या, आणि तेही बाकीचे भाव ठरायच्या आधी. सारखेपणाची खरी गरज इथे आहे. शिवाय एक दिवस दुपारी रस्त्यावर गाडी ठेवा, हातात दोन भरलेल्या पिशव्या घ्या आणि त्या जागेपर्यंत चालत जा. मग ठरवा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, बहिणीला यातलं काही कळत नाही हे. सबंध पत्रात कामाचं पहिलं पाऊल एकट्या तिनेच सांगितलंय. पुढच्या वेळी मोजायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका. टेपचं दुसरं टोक तिच्या हातात द्या, आणि ओहळाच्या बाजूने सुरुवात करा.